शिकागोचे पहिले दोन अल्बम: कुठून ऐकावेत, कसे वाजवावेत

ब्रास बँड कोल्हापूरकरांना नवा नाही. वरातीत, मिरवणुकीत ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट ऐकतच इथला कान तयार होतो. पण तिथं ही वाद्यं गाण्याची चाल उचलून धरतात, एवढंच. अमेरिकेतल्या शिकागो बँडनं त्यांना गायकाच्या शेजारी उभं केलं. ली लॉकनेनचा ट्रम्पेट, जेम्स पँकोचा ट्रॉम्बोन आणि वॉल्टर पॅराझेडरचा सॅक्सोफोन गायकाला उत्तर देतात, त्याला अडवतात, कधी पुढं निघून जातात. हे खरं ऐकायचं असेल तर हिट गाण्यांच्या संकलनापासून सुरुवात करू नका. रेडिओसाठी कापलेल्या आवृत्त्यांत नेमका हाच भाग गेलेला असतो.

पहिला अल्बम 'शिकागो ट्रान्झिट ऑथॉरिटी' एप्रिल १९६९ मध्ये दोन तबकड्यांत आला. तेव्हा बँडचं नावही तेच होतं. शहराच्या खऱ्या परिवहन संस्थेनं कायदेशीर कारवाईचा इशारा दिल्यावर ते नुसतं शिकागो झालं. याची पहिली बाजू आधी ऐका. तीनच गाणी, जेमतेम १९ मिनिटं, पण बँडची सगळी ताकद तिथं आहे. साडेसहा मिनिटांच्या 'इंट्रोडक्शन'मध्ये लय पुन्हा पुन्हा बदलते. मध्ये ती संथ होते, ट्रॉम्बोन आणि ट्रम्पेट सावकाश बोलतात आणि मग टेरी कॅथची गिटार शिरते. 'डझ एनीबडी रिअली नो व्हॉट टाइम इट इज?' सुरू होतं ते मोकळ्या पियानोवर. सिंगलमध्ये (रेडिओसाठी सुट्या काढलेल्या छोट्या आवृत्तीत) हा पियानोच नाही, त्यामुळे पुढच्या वाद्यांचा प्रवेश अंगावर येत नाही. त्या प्रवेशात मात्रा विषम आहेत. कोल्हापूरच्या देवल क्लबच्या शास्त्रीय संगीताच्या बैठका ऐकलेल्यांना इथं सम शोधायला मजा येईल. 'बिगिनिंग्ज' जवळजवळ आठ मिनिटांचं आहे. गाणं आटोपल्यावर ट्रॉम्बोन-ट्रम्पेटची देवघेव चालते आणि शेवटी नुसती तालवाद्यं उरतात. तीन मिनिटांच्या आवृत्तीत यातलं काय उरणार?

दुसऱ्या तबकडीवरचं 'फ्री फॉर्म गिटार' पहिल्या फेरीत सोडलं तरी चालेल. जवळजवळ सात मिनिटं एकट्या गिटारचा कल्लोळ आहे. कॅथ किती धाडसी होता ते त्यातून कळतं, पण हॉर्नच्या, म्हणजे या फुंकवाद्यांच्या, ओढीनं आलेल्याच्या हाती काही लागत नाही.

दुसरा अल्बम १९७० चा. त्याचा गाभा म्हणजे पँकोची सात भागांची 'बॅले फॉर अ गर्ल इन बकॅनन', सुमारे १३ मिनिटांची. 'मेक मी स्माइल' आणि 'कलर माय वर्ल्ड' ही दोन्ही गाणी मुळात हिचेच भाग. सिंगल करताना 'मेक मी स्माइल'ला थेट शेवटचा भाग 'नाऊ मोअर दॅन एव्हर' जोडला आणि मधलं सगळं काढून टाकलं. मोबाईलवर हे सात तुकडे वेगवेगळे दिसतात. ॲपमधलं शफल (क्रम उलटसुलट करणं) आणि क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) बंद करा, गॅपलेस (मध्ये खंड न पडू देणं) चालू ठेवा. नाहीतर भागांचे सांधे उसवतात. 'कलर माय वर्ल्ड'मध्ये कॅथ एकच कडवं गातो आणि पुढं शेवटपर्यंत पॅराझेडरची बासरी. अल्बममधला सगळ्यात शांत तुकडा हाच.

या दुसऱ्या अल्बमच्या मूळ मिक्समध्ये, म्हणजे आवाजांच्या मूळ जुळणीत, तळाचे आवाज एकमेकांत गुंततात. २०१७ चं स्टीव्हन विल्सनचं रिमिक्स (नव्यानं केलेली जुळणी) घेतलंत तर ट्रॉम्बोन आणि बेस गिटार वेगळे ऐकू येतात. फोनच्या स्पीकरवर मात्र कोणतंही मिक्स फुकट, कारण ट्रॉम्बोनचा खालचा अर्धा भाग त्यातून बाहेरच पडत नाही. साधे वायरचे हेडफोन त्याहून कितीतरी बरे.

वाजवायला घ्यायचं तर दुसऱ्याच अल्बममधलं '२५ ऑर ६ टू ४'. रॉबर्ट लॅमची रचना, गायलंय पीटर सेटेरानं. ए स्वर सा धरला तर उतरती ओळ अशी: सा, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. पहिले तीन सूर सारख्या लांबीचे आणि शेवटचे दोन मिळून एकाएवढे. इथंच गाडी घसरते. पाचही सूर सारखे धरले की ओळ लांबते आणि ड्रमर पुढं निघून जातो. गाणं ए मायनरमध्ये आहे. ट्रम्पेट, टेनर सॅक्स आणि क्लॅरिनेट बी फ्लॅटची (लिहिलेला सी वाजवला की बी फ्लॅट ऐकू येणारी) असल्यानं त्यांनी बी मायनर, म्हणजे दोन शार्प, धरायचं. ऑल्टो सॅक्सला एफ शार्प मायनर. ट्रॉम्बोन आहे त्या पट्टीत.

टेनर सॅक्स नसेल तर आपल्याकडं सहज क्लॅरिनेट घेतला जातो. घ्या, पण खालच्या सप्तकात वाजवा. वर गेला की तो ट्रम्पेटमध्ये विरघळतो आणि मधला आवाज रिकामा पडतो. ट्रॉम्बोनऐवजी युफोनियम (छोट्या ट्यूबासारखं पितळी वाद्य) चालतो, वजनही देतो. मात्र पँकोच्या नळी सरकवून घेतलेल्या जागा त्यावर निघत नाहीत, त्या सरळ सोडून द्या. दुसरी अडचण जोराची. रस्त्यावर वाजवायची सवय असलेला ट्रम्पेटवाला पहिल्या ओळीपासून पूर्ण फुंकतो आणि गिटार सोलो संपेपर्यंत त्याचे ओठ थकतात. कडव्यात निम्म्या जोरावर राहायचं, दम शेवटच्या फेरीसाठी राखायचा. सोलोच्या वेळी थांबलेल्या तिघांनी मात्रा मोजत राहायच्या, कारण परतीचा प्रवेश तिघांचा एकदमच व्हायला हवा.

वापरलेली एलपी मागवणार असाल तर दोन्ही अल्बमच्या दोन-दोन तबकड्या आहेत का हे आधी विचारा. पहिल्या अल्बमची पहिली बाजू आणि दुसऱ्या अल्बमची दुसरी बाजू यांचे जवळून घेतलेले फोटो मागा. सगळ्यात जास्त वाजलेल्या बाजू बहुधा याच असतात. 'कलर माय वर्ल्ड'च्या पियानोवर ओरखडे लगेच ऐकू येतात, म्हणून विक्रेत्याकडून तेवढ्याच भागाचं रेकॉर्डिंग मागून घ्या.