सराफ्यातली रात्र आणि राजवाड्यावरचं ऊन: पहिला मिररलेस कोणता घ्यावा?

पुतणीला कॅमेरा शिकायचा होता. लग्नाचे फोटो काढायचे नव्हते की रील्स करायच्या नव्हत्या. सकाळचे पोहे, आजीच्या हातातली जपमाळ, ऑफिसातून परतताना दिसणारी छत्री बाग, असं रोजचं टिपायचं होतं. "काका, व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय, तुम्हीच सांगा," म्हणाली. माझ्याकडे कॅनन आर५० आहे, आतेभावाकडे निकॉन झेड३०, आणि एका मित्राकडे फुजीफिल्म एक्स-टी३० टू. तिन्ही आळीपाळीने मागून घेतले आणि प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर इंदुरात एकच फेरी मारली: सकाळी पोह्यांची टपरी, भर दुपारी राजवाडा, रात्री सराफा, म्हणजे सोनारांची पेठ, जिथे रात्री खाऊगल्ली भरते. खाली लिहिलंय ते त्या तीन फेऱ्यांतून आलेलं आहे. किमती सणासुदीला इतक्या वरखाली होतात की आकडे देत नाही. एवढंच सांगतो, की तिघांत फुजी महाग पडतो.

आधी फोनचं बोलू, कारण "फोन आहे की!" हे घरातलं कुणीतरी म्हणणारच. उन्हात काढलेला आणि फोनवरच बघायचा फोटो असेल तर फरक शोधावा लागतो. फरक पडतो तो उजेड कमी झाल्यावर. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर (उजेड टिपणारी चकचकीत चिप) साधारण ७० चौरस मिलिमीटरचा असतो, या तिन्ही कॅमेऱ्यांचा ३३० ते ३७०, म्हणजे जवळजवळ पाचपट. फोन ही उणीव अनेक फ्रेम एकमेकींवर बसवून भरून काढतो. समोरचं स्थिर असेल तर ते छान जमतं, पण हलवायाचा झारा हलत असेल तर झाऱ्याचं भूत उमटतं. शिवाय काय कमी केलं, काय वाढवलं हे फोन स्वतः ठरवतो आणि सांगत नाही. शिकायचं असेल तर खरी अडचण हीच आहे.

मिररलेसचं, म्हणजे आत आरसा नसलेल्या या कॅमेऱ्यांचं, शिकणाऱ्याला मोठं सुख म्हणजे बटण दाबायच्या आधीच फोटो उजळ येणार की काळा, ते दिसतं. जुन्या डीएसएलआरमध्ये आरशातून खरं दृश्य दिसायचं, फोटो मात्र नंतर कळायचा. इथे चाक फिरवलं की चित्र डोळ्यांसमोर उजळतं किंवा मिटतं. पोह्यांच्या टपरीवर पुतणीला हेच पहिल्यांदा दाखवलं. कढईतून वाफ उठत होती, शेजारी दह्याची पांढरी शुभ्र परात होती. कॅमेऱ्याने दही राखाडी करून टाकलं, कारण त्याचं मीटर सगळ्या जगाला मध्यम करड्या रंगाचं समजतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजळपणा कमीजास्त करायची सोय, अधिक एकवर नेलं आणि दही पुन्हा दही झालं. "एवढंच?" म्हणाली. पहिल्या महिन्यात खरोखर एवढंच पुरतं.

मग प्रश्न असा, की हे "एवढंच" कोणत्या कॅमेऱ्यात हाताला सहज लागतं?

इथे फुजी सरस आहे. एक्स-टी३० टूच्या डोक्यावर शटर स्पीडची, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा त्याची, चकती आहे, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची वेगळी चकती आहे, आणि २७ मिमी एफ/२.८सारखी लेन्स लावली तर अॅपर्चरची, म्हणजे लेन्स किती उघडायची त्याची, कडी लेन्सवरच असते. कॅमेरा बंद असतानाही वरून बघून कळतं काय लावलंय ते. निकॉनला दोन चाकं आहेत, एक तर्जनीखाली, एक अंगठ्याखाली. तीन दिवसांत बोटांना वळण पडतं, मग डोळ्यांची गरज राहत नाही. माझ्या कॅननला चाक एकच. तेच अॅपर्चर बदलतं, आणि उजळपणा बदलायचा तर आधी मागचं बटण दाबून मग तेच फिरवायचं. मी वर्षभर वापरतोय, अजून कधीकधी घाईत उजळपणाऐवजी अॅपर्चर बदलून बसतो.

पण फुजीच्या चकत्यांची एक खोडी मित्राने आधी सांगितली नव्हती. पिशवीत ठेवताना-काढताना कॉम्पेन्सेशनची चकती आपोआप सरकते. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या दगडी समाध्यांपाशी, मी वीसेक फोटो उणे दीडवर काढले. आधीच काळसर दगड, त्यात हे. घरी आल्यावर कळलं. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) अंधार दिसत होता की, पण मला वाटलं आभाळ आलंय!

राजवाड्यासमोर दुपारी

एप्रिलच्या दुपारी राजवाड्यासमोर उभं राहिलं की पाठीमागचा स्क्रीन आरसा होतो. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आणि स्क्रीनवर दिसतो तो आपलाच घामेजलेला चेहरा. निकॉन झेड३०ला व्ह्यूफाइंडर नाही आणि नंतर जोडताही येत नाही. मी एक हात स्क्रीनवर धरून, दुसऱ्या हाताने कॅमेरा तोलत फोटो काढले आणि निम्मे वाकडे आले. कॅनन आणि फुजीला डोळा लावला की ऊन संपतं. दृश्य उजळ दिसतं, आणि कॅमेरा कपाळाला टेकल्यामुळे हातही स्थिर राहतो.

दिवसा हिंडून शिकणार असाल तर माझा कौल व्ह्यूफाइंडरला आहे. नवशिक्याने त्याशिवाय घेऊ नये, असं मी मानत आलो होतो. मग पुतणीने चष्मा पुसून फुजीला डोळा लावला आणि म्हणाली, "काका, कोपरे दिसतच नाहीत." खरंच, चष्मेवाल्यांसाठी फुजीचा डोळा अंमळ लहान आहे. काच आणि डोळा यांच्यात चष्म्याचं अंतर पडतं आणि चौकटीच्या कडा हरवतात. कॅननमध्ये तिला बरंच बरं वाटलं. व्ह्यूफाइंडरच्या बाजूला चष्म्याचा नंबर लावायचं छोटं चाक असतं, पण ते ठरावीक मर्यादेपर्यंतच चालतं, आणि तिला चष्मा काढून हिंडणं शक्य नाही. तेव्हा दुकानात आपल्या चष्म्यासकट बघा.

वजनाचा काथ्याकूट या तिघांत व्यर्थ आहे. बॅटरी आणि कार्डासह कॅनन ३७५ ग्रॅम, फुजी ३७८, निकॉन ४०५. पन्नास ग्रॅमच्या आत सगळे. पिशवी जड होते ती लेन्सने. फुजीची ती २७ मिमी लेन्स ८४ ग्रॅमची, नानकटाईसारखी चपटी. ती लावलेला कॅमेरा मी रोज नेला. किट झूम, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येणारी लेन्स, लावलेला माझा कॅनन तीन दिवस कपाटात राहिला.

याच शहरात लाला दीनदयाळ सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते, आणि १८७४च्या सुमारास त्यांनी इथेच कॅमेरा हाती घेतला. तो काळ काचेच्या प्लेटांचा आणि लाकडी पेट्यांचा. ३०-४० ग्रॅमवरून वाद घालताना मला उगाच त्यांची आठवण येते.

सराफ्यात रात्री

सोन्याची दुकानं शटर ओढतात आणि त्यांच्याच ओट्यांवर तवे चढतात. मक्याच्या किसाची वाफ, हिवाळ्यात गराडूचे कंद तळल्याचा वास, डोक्यावर पांढऱ्याफेक एलईडी पट्ट्या, दोन दुकानांमध्ये गच्च अंधार. कॅमेरा कसा आहे हे इथे दहा मिनिटांत कळतं.

आधी लेन्सचं गणित. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. कॅननबरोबर येणारी १८-४५ मिमी किट लेन्स सर्वांत रुंद कोनाला एफ/४.५पर्यंतच उघडते, झूम केलं की ६.३. एफ/१.८ची लेन्स तिच्या सव्वासहा पट उजेड आत घेते. किट लेन्सवर आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ६४०० लागत असेल तिथे हिला हजारात भागतं. फोटो खरखरीत येणं आणि स्वच्छ येणं, यातला फरक तो. म्हणून माझं म्हणणं असं, की बॉडी एक पायरी खालची घ्या, पण एक उघडी, झूम नसलेली लेन्स पहिल्याच दिवशी घ्या. झूम नसली की पाय हलवावे लागतात आणि चौकट लवकर डोक्यात बसते.

पण कोणती? इथे मी पैसे घालवले आहेत. सगळे म्हणतात म्हणून मी कॅननची ५० मिमी एफ/१.८ घेतली. लेन्स उत्तम आहे, पण आर५०च्या लहान सेन्सरवर ५० गुणिले १.६ म्हणजे मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरवरच्या ८० मिमीसारखी दिसते. मिमी जितके जास्त, तितकं दृश्य अरुंद. सराफ्याच्या गल्लीत दहीवडेवाल्याचा पूर्ण हात चौकटीत यावा म्हणून मागे सरकत गेलो, तर पाठीमागच्या बाईंच्या प्लेटवर आदळलो. रबडी माझ्या सदऱ्यावर आणि बोलणी माझ्या वाट्याला. ८० मिमी चेहऱ्यांना छान, गल्लीला नाही. कॅननसाठी २८ मिमी एफ/२.८ची चपटी लेन्स आहे, १२० ग्रॅमची. ती ४५ मिमीसारखी चालते, म्हणजे कोन बरोबर, पण उघडते एफ/२.८पर्यंतच. फुजीची २७ही तेवढीच उघडते, आणि अंधारात फोकसला जरा घरघर करते.

निकॉनची २४ मिमी एफ/१.७ मात्र सराफ्यासाठीच केल्यासारखी वाटली. कोन ३६ मिमीचा, उजेड एफ/२.८च्या जवळजवळ पावणेतीन पट, वजन १३५ ग्रॅम. रात्री स्क्रीन लख्ख दिसतो, त्यामुळे व्ह्यूफाइंडर नसल्याची आठवणही झाली नाही. उलट स्क्रीन बाहेर वळवून कॅमेरा कमरेशी धरला की समोरचा माणूस आपल्याकडे न बघता तव्याकडे बघत राहतो. दुपारी हरलेला कॅमेरा रात्री जिंकला.

दहीवडा हवेत उडवून द्रोणात झेलतात, तो क्षण टिपायला १/५०० सेकंदाच्या आसपास शटर लागतं. तिथे एलईडी अंगावर येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर भरभर ठेवलं की एक फोटो उजळ, पुढचा मळकट. शटर आवाजविरहित, म्हणजे पूर्ण इलेक्ट्रॉनिक असेल तर फोटोवर आडव्या पट्ट्याच उमटतात. बाकी सगळं स्थिर असताना १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्ट्या जातात. आणि मेनूमध्ये जाऊन सायलेंट शटर बंद करा. याच कारणासाठी सोनी झेडव्ही-ई१० टू मी फोटोच शिकायच्या माणसाला सुचवत नाही. त्याला यांत्रिक शटरच नाही. त्याच्या आधीच्या झेडव्ही-ई१०ला आहे, लेन्सही सोनीसाठी ढिगाने मिळतात, पण व्ह्यूफाइंडर त्यालाही नाही आणि त्याची सगळी रचना व्हिडिओवाल्यांसाठी आहे.

जुन्या बाजारातले ऑलिम्पस, पॅनासोनिकचे छोटे मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरेही विचारात घ्यावेत. सेन्सर आणखी लहान, पण लेन्स चिमुकल्या, आणि बऱ्याच बॉडींमध्ये सेन्सरच हलून हात स्थिर करण्याची सोय आहे, जी वरच्या तिघांत नाही. छत्र्या, देवघर, दिवे यांना ती वरदान. मात्र ती आपल्या हाताचा कंप घालवते, हलवायाच्या हाताचा नाही.

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, यातला कुठलाही नेऊ नका. टँकरचं पाणी आणि आभाळभर गुलाल बाल्कनीतून टिपा, आणि लेन्स घरातच लावून निघा. गुलालात लेन्स बदलली तर थेट सेन्सरवर रंगपंचमी होते.

खरेदीत एक ठेच लागली तीही सांगतो. एका दुकानात "भिया, पीस वही है, बस बिल कच्चा रहेगा" म्हणून बराच स्वस्त कॅमेरा दाखवला. बाहेरून आणलेला माल होता, इथली वॉरंटी नाही. खोक्यावरचा, बॉडीवरचा आणि बिलावरचा सिरियल नंबर जुळवून बघा. जादा बॅटरी त्याच दिवशी घ्या. या वर्गातला कॅमेरा दिवसभर हिंडायला एका बॅटरीवर पुरत नाही.

माझा कौल सरळ होता: दिवसा हिंडणाऱ्याने आर५० आणि २८ मिमी, पैशाची सोय असली आणि चष्मा नसला तर फुजी. पण पुतणी विजयनगरच्या ऑफिसातून घरी येते साडेआठला. तिचा मोकळा वेळ म्हणजे रात्र, ट्यूबलाइटखालची आजी आणि शनिवारचा सराफा. वर चष्मा. तिने झेड३०ची नुसती बॉडी आणि २४ मिमी एफ/१.७ घेतली, किट झूम घेतलीच नाही. तिच्या दिनक्रमाला ते चोख बसतं, हे मला कबूल करावं लागलं.

परवा रविवारी दुपारी बाराला लालबागेतून तिचा फोन आला. "काका, स्क्रीनवर काही म्हणता काही दिसत नाहीये."

"ओढणी डोक्यावरून घे, स्क्रीनसकट," म्हटलं.