आतली लेन वाचवा

माझी द्राक्षबाग आहे, सांगली जिल्ह्यात. थोरली पोलीस भरतीची तयारी करते, म्हणून दोन वर्षं पहाटे 5 ला तिला शेजारच्या शहरातल्या स्टेडियमवर घेऊन येतो. मध्ये फुटबॉलचं मैदान, भोवती 400 मीटरचा मुरमाचा ट्रॅक.

मुरूम उत्तम आहे. आमच्या काळ्या रानात पावसात पाऊल टाकलं की बुटाला चिखलाचा गोळा येतो. इथं पाऊस उघडला की तासा-दोन तासांत पोरी पळायला लागतात. उन्हाळ्यात मात्र रोज पाणी मारून रोलर फिरवायला हवा. ते होत नाही, मग मार्चपासून माती भुसभुशीत होते.

खरी अडचण कोपऱ्यांची. फुटबॉलचं मैदान 105 बाय 68 मीटर आखलंय. बागेच्या लागणीची टेप नेऊन मी मोजलं, तर कोपऱ्यातल्या झेंड्यापासून ट्रॅक जेमतेम 1 मीटरवर. कॉर्नर मारणारा पोरगा धाव घेणार ती ट्रॅकवरूनच, आणि बुटाखालच्या स्टडनी (खिळ्यांनी) आतली लेन उकरली जाते. पोरांची काही चूक नाही, जागाच तेवढी. पण पाय मुरगळेल म्हणून मुली दुसऱ्या लेनमधून पळतात, आणि ती फेरीला 7 मीटर लांब पडते. भरतीत मुलींना 800 मीटर असतात, मैदानीच्या 50 पैकी 20 गुण त्यालाच. दोन फेऱ्यांत 14 मीटर जास्त, म्हणजे तीन मिनिटांत 800 पळणाऱ्या मुलीचे 3 सेकंद गेले. वेळ उतरत नाही म्हणून माझी पोर महिनाभर धड जेवत नव्हती. टेप लावली तेव्हा दोघांनाही कळलं.

माझं मागणं एवढंच. फुटबॉलला 100 बाय 64 चं मैदानही नियमात बसतं. तसं आखलं तर कोपऱ्यात साडेतीन मीटर सुटतात, पोरांचा खेळही होईल आणि लेनही राहील. पैसे लागतील ते चुन्याचे.

गोळाफेकीचं वर्तुळ मात्र झकास, काँक्रीट कुठं उखडलेलं नाही. पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये 16.32 मीटर गोळा टाकून रौप्य आणणारा सचिन खिलारी आपल्याच आटपाडी तालुक्यातला, त्यामुळं तिथं कायम गर्दी.

मुलींसाठी स्वच्छतागृह आहे, नळाला पाणी सातनंतर येतं. पहाटे येणाऱ्यांनी बाटली घरूनच भरून आणावी.