नियमबदलाचे दोन हंगाम : 2009 आणि 2014

फॉर्म्युला वनमध्ये तांत्रिक नियम बदलले की पहिल्या काही शर्यतींतच आघाडीवर कोण ते कळते; ती आघाडी टिकेल का, हे मात्र बदल कारच्या कोणत्या भागात झाला त्यावर ठरते. 2009 मध्ये भर वायुगतिकीवर, म्हणजे कारभोवतीच्या हवेच्या प्रवाहावर होता. होंडाच्या माघारीनंतर उभ्या राहिलेल्या ब्रॉन संघाने, टोयोटा आणि विल्यम्सप्रमाणेच, नियमांतील फटीचा फायदा घेत दुहेरी डिफ्यूझर (कारच्या मागे तळाशी असलेला, खालची हवा बाहेर सोडून कारला रस्त्याशी चिकटवून ठेवणारा भाग) बसवला आणि संघाचा चालक जेन्सन बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या. एप्रिलमध्ये खेळाच्या नियामक संस्थेच्या अपील न्यायालयाने ही रचना वैध ठरवताच इतरांनीही ती उचलली. तुर्कस्तानच्या सातव्या शर्यतीनंतर बटनला एकही विजय मिळाला नाही, तरी सुरुवातीच्या गुणांच्या पुंजीवर त्याने जगज्जेतेपद राखले.

2014 मध्ये 2.4 लिटरच्या व्ही-8 ऐवजी 1.6 लिटरचे टर्बो हायब्रिड व्ही-6 इंजिन आले, आणि इंजिनाची नक्कल काही हंगामाच्या मध्यावर करता येत नाही. मर्सिडीजने 19 पैकी 16 शर्यती जिंकल्या. गंमत म्हणजे मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत हॅमिल्टनची मर्सिडीज लवकर बाद झाली, तर दुसऱ्या आलेल्या रेड बुलच्या रिकार्डोला ताशी 100 किलो इंधनप्रवाहाची मर्यादा ओलांडल्याबद्दल अपात्र ठरवण्यात आले. प्रेक्षकाच्या दृष्टीने मला 2009 च सरस वाटतो, कारण तिथे पाठलागाला निदान वाव होता.