सहा तास सांगितले, चालली १ तास ५० मिनिटं

वडिलांचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन) ३०० वॉट घेतं. वॉटमीटर लावून मी स्वतः मोजलंय. वीज गेल्यावर ते बंद पडू नये एवढ्यासाठी इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) ट्युब्युलर बॅटरी घेतली. विकणाऱ्याने माझ्यासमोर आकडेमोड केली. बॅटरीचे १२ व्होल्ट गुणिले १५०, झाले १८०० वॉट-तास. भागिले ३००, सहा तास. मलाही पटलं. गणितात चूक नव्हतीच, मग संशय कशाचा घेणार?

पहिल्यांदा वीज गेली ती रात्री. १ तास ५० मिनिटांत मशीनचा अलार्म कोकलायला लागला. अंधारात चाचपडत सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला, हात लटलट कापत होते. सिलिंडर घरात नसता तर?

१५० एएच हा आकडा बहुतेकदा सी२० चा असतो, म्हणजे ७.५ अँपिअरने २० तास सावकाश उतरवली तर. आमचा लोड बॅटरीतून ३० अँपिअरच्या आसपास ओढतो. एवढ्या करंटला लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण क्षमता देत नाही, वर इन्व्हर्टर १५-२० टक्के खातो. म्हणजे नवीकोरी असती तरी साडेतीन तासच धरायचे. पण दोनसुद्धा नाहीत? दुसऱ्या मेकॅनिकने तपासून सांगितलं: जुनी, कमी क्षमतेची बॅटरी, वर १५० चं स्टिकर.

हे मला त्याच दिवशी दिसायला हवं होतं. दुकानाच्या पोराने बॅटरी एकट्याने कडेवर मूल घ्यावं तशी आणून ठेवली. अहो, १५० एएच ट्युब्युलर पाणी भरल्यावर पन्नास किलोंच्या वर जाते! मी समोर उभा होतो. उत्पादनाचा कोड असतो तिथे घासलेला पांढुरका पट्टा होता, त्यावरून मी बोटसुद्धा फिरवलं. "वाहतुकीत घासलं असेल," पोरगा म्हणाला. आत वडील खोकत होते, मला मशीन जोडायची घाई होती. त्या जागी कुणीही हेच केलं असतं.

कोड वाचता येत नसेल तर बॅटरी दारातूनच परत पाठवा. वजन करा.

बॅटरी कंपनीच्या सर्व्हिसवाल्याने बॅटरी न उघडता, न मोजता "लोड जास्त आहे" लिहिलं आणि तक्रार बंद. पुन्हा तक्रार केली, पुन्हा तेच. वॉरंटी कार्डावर शिक्का नाही म्हणून तिसऱ्यांदा घेतलीच नाही. शिक्का मी मारायचा असतो का? पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. ग्राहक तक्रार कक्षाने पावती मागितली. दिली. मग स्टिकरचा फोटो. दिला. मग बॅटरी खोटी असल्याचा दाखला कंपनीकडूनच आणा म्हणे! ज्या कंपनीने हात झटकले तिच्याच दारात परत?

आणि पैसे देण्याआधी तुमचाच लोड लावून, घड्याळ लावून, बॅटरी उतरेपर्यंत चालवून घ्या. एक बल्ब पेटवून दाखवतील, त्याला भुलू नका. ही चाचणी झाल्यावर लगेच पूर्ण चार्जही करा, उतरलेली पडून राहिली की लवकर मरते.

चौथा अर्ज परवा दिलाय. पोच द्यायलाही खिडकीवरचा माणूस तयार नव्हता, तासभर उभा राहून घेतली.