पुण्यातील एका नवजात अतिदक्षता विभागाचा अनुभव, मे २०२१
शहराच्या पश्चिम भागातील एका खासगी रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात आमची मुलगी १९ दिवस होती. पत्नीला आठव्या महिन्यात करोना होऊन गेला होता. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ३५ व्या आठवड्यात प्रसूती झाली तेव्हा बाळाचे वजन २ किलो १०० ग्रॅम होते आणि श्वास जलद चालत असल्याने तिला लगेच तिथे हलवावे लागले.

या विभागाला मी पूर्ण गुण देतो तो परिचारिकांच्या एका सवयीसाठी. पाळी बदलताना जाणारी आणि येणारी अशा दोघी मिळून दुपटे उघडतात, बाळाची दोन्ही पावले जवळ धरतात आणि रंग व उष्णता ताडून पाहतात. तिसऱ्या रात्री, शनिवारी, डावे पाऊल थंड आणि करंगळीचे टोक जांभळट असल्याचे असेच लक्षात आले, आणि पायाचा रक्तप्रवाह अडवू शकणारी, नाळेच्या धमनीत घातलेली नळी तासाभरात काढण्यात आली. मात्र पायाचा डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, रविवारी दुपारी झाला, कारण तो करणारे डॉक्टर सुटीवर होते. एवढ्या मोठ्या रुग्णालयात हे व्हायला नको होते. पायाच्या धमनीत रक्ताची गुठळी निघाली.

बाळाची आरटीपीसीआर निगेटिव्ह होती, तरी आईकडून वारेतून आलेली प्रतिपिंडे तिच्या रक्तात होती. नवजात बाळात गुठळी रोखणारी अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सी ही प्रथिने मुळातच कमी असतात, त्यात संसर्गानंतरचा दाह आणि रक्तवाहिनीतली नळी यांची भर पडते, हे मुख्य डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावले. डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात वाढणारा घटक, नवजातांमध्ये एरवीही वाढलेला असतो, म्हणून त्या एका आकड्यावर त्यांनी निर्णय घेतला नाही. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, घटून ६२ हजारांवर आल्या होत्या, त्यामुळे आधी टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी करून रक्तस्राव नसल्याची खात्री केली आणि मगच एनोक्सापॅरिन हे गुठळी वाढू न देणारे औषध सुरू केले. दर १२ तासांनी मांडीच्या त्वचेखाली ३ मिलिग्रॅम, इन्सुलिनच्या बारीक सिरिंजमधून, हे सारे मी काचेतून पाहत असे. मात्रा बरोबर आहे की नाही, हे इंजेक्शननंतर चार तासांनी रक्त घेऊन तपासत. तो नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जाई आणि अहवाल दुसऱ्या दिवशी मिळे.

पालकांना माहिती देण्यात मात्र हा विभाग फार कमी पडतो. आकृतीचा तो एक दिवस सोडला तर दिवसातून एकदा फोन येई आणि ‘बाळ स्थिर आहे’ एवढेच वाक्य ऐकू येई. विलगीकरण संपलेल्या आईलाही सहा दिवस आत जाऊ दिले नाही, तिने काढलेले दूध तेवढे घेतले. बिलातही उपभोग्य वस्तूंची एकत्रित रक्कम होती, तपशील मागितल्यावर चार दिवसांनी मिळाला.

करंगळीचे टोक काळे पडून सुकले आणि दोन महिन्यांनी आपोआप गळाले. पाऊल वाचले. बाळाला इथे दाखल करणार असाल, तर डॉप्लर रात्री आणि रविवारी होतो का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.