पाचशे रुपयांची वर्गणी वसूल झाली का? आमच्या स्कॉलरशिपवाल्यांच्या संघटनेचं एक वर्ष

शहादा तालुक्यातल्या एका कॉलेजात मी स्कॉलरशिपचं टेबल सांभाळते. एकोणीस वर्षं झाली. मुलं 'मॅडम' म्हणतात, त्यांचे वडील 'ताई' म्हणतात, आणि पैसे आले नाहीत की दोघंही काही म्हणत नाहीत, नुसते टेबलासमोर उभे राहतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून आमच्यासारख्या टेबलवाल्यांची एक संघटना आहे. जून २०२४ मध्ये तिची ५०० रुपयांची पावती फाडली. 'काय मिळतं गं तिथं?' असं मैत्रिणी विचारतात, म्हणून हे लिहितेय.

आधी आमचं काम थोडक्यात. मुलगा महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरतो. तो आधी आमच्या लॉगिनला येतो, मग प्राचार्यांच्या, मग समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयाकडे. उत्पन्नाचा दाखला जुना निघाला, मधे शिक्षण सुटलं असेल त्याचं गॅप सर्टिफिकेट नसलं, की अर्ज फिरून माघारी, पोर्टलच्या भाषेत 'सेंड बॅक'. चूक कुणाचीही असो, जाब विचारायला माणूस आमच्याकडेच येतो.

संघटनेचा पहिला उपयोग जुलैतच झाला. ८ जुलै २०२४ ला शासन निर्णय निघाला: व्यावसायिक (इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या) अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क ५० ऐवजी १०० टक्के माफ. टीव्हीवर मात्र नुसतं 'मुलींना मोफत शिक्षण' एवढंच दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला एक बाई बी.ए.ला आलेल्या लेकीला घेऊन हजर. "ताई, आते पोरीस्नी फी माफ शे ना?" आता हिला 'व्यावसायिक' म्हणजे काय, हे कसं समजावू? संध्याकाळी ग्रुपवर एका पानाचं टिपण आलं. कोणता कोर्स बसतो, कोणता नाही, बी.ए., बी.कॉम.च्या मुलींनी कोणती दुसरी योजना बघायची, सगळं साध्या मराठीत. मी ते खिडकीवर चिकटवलं. त्या आठवड्यात माझा घसा वाचला तो त्या पानामुळे.

सप्टेंबरमध्ये जळगावला एक दिवसाची कार्यशाळा झाली. पाच तारे द्यायचे तर यालाच. एक निवृत्त अधीक्षक आले होते. ना प्रोजेक्टर, ना कसला हारतुरा. त्यांनी फळ्यावर एका मुलाचं नाव लिहिलं आणि खाली चार बँकांची चार खाती. विचारलं, "पैसे कशात जातील?" निम्म्या सभागृहाने उत्तर दिलं, अर्जासोबत पासबुक जोडलंय त्यात. चूक. मीही चुकले. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि आधार सीडिंग वेगळं. आधार चारही खात्यांना जोडलेलं असेल, पण थेट लाभाचा पैसा जातो एकाच बँकेत, एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत शेवटी जी चढली तिच्यात. ही नोंद म्हणजेच सीडिंग. आणि मी इतकी वर्षं पासबुकांच्या झेरॉक्स गोळा करत बसले होते!

परत आल्यावर धडगावकडचा एक पावरा मुलगा आठवला. आदल्या वर्षीची शिष्यवृत्ती पोर्टलवर 'जमा' दिसायची, पासबुक मात्र कोरडं. तीनदा आला होता बिचारा, एसटीने, तास न् तास खर्चून. त्याला बोलावून आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं. ओटीपी त्याच्या मामाच्या मोबाईलवर, मामा रानात, रेंज नाही. तासाभराने ओटीपी मिळाला. स्क्रीनवर भलत्याच बँकेचं नाव. मुलगा बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "हे खातं आश्रमशाळेत असताना काढलं होतं." पैसे तिथेच पडून होते, एक रुपया हललेला नव्हता. पुढच्या खेपेला त्याने घरचा आमचूर आणला. घेऊ नये म्हणतात. घेतला.

जानेवारीतल्या वार्षिक मेळाव्याबद्दल हातचं राखून लिहिते. वेळ अकराची, सुरुवात पावणेएकला. शाली, श्रीफळं, मग ज्यांचे सत्कार राहिले त्यांचे सत्कार. प्रश्नोत्तरांना पंधरा मिनिटं. कार्यकारिणीत बाई एकच, तिच्या हाती सूत्रसंचालन. जेवण मात्र बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी, त्यामुळे भांडायला गेलेली मंडळी पंगतीतून गपगुमान घरी. एका वक्त्याने अमेरिकेची गोष्ट सांगितली. तिकडे आपल्यासारख्यांची राष्ट्रीय संघटना १९६६ पासून आहे, नासफा नावाची. आणि तिकडचा मदतीचा अर्ज, फाफसा, एरवी १ ऑक्टोबरला खुला होतो, तो नव्या स्वरूपात आणायच्या नादात २०२३ साली डिसेंबर संपता संपता उघडला, तोही अडखळत. सभागृहात हशा पिकला. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

तक्रार एकच, पण मोठी. नंदुरबारसाठी स्वयंम योजनेवरचं सत्र कबूल केलं होतं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांना भाडं-जेवणाचे पैसे याच योजनेतून मिळतात, म्हणजे आमच्या भागाचा जीव की प्राण. दोनदा तारीख दिली, दोनदा रद्द. कारण विचारलं तर, 'तिकडून फार लोक येत नाहीत.' अहो, तिकडे तुम्ही याल तेव्हा कळेल ना! ग्रुपवर रोज सकाळी सूर्योदयाची सत्तर चित्रं येतात, त्यांच्याखाली कामाचं परिपत्रक गाडलं जातं, तेही आहेच.

पाचपैकी साडेतीन. सप्टेंबरची कार्यशाळा नसती तर दोन.

यंदाचीही वर्गणी भरली. कालच पावती आली. तिच्यावर आडनाव आधी, नाव नंतर, आणि वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं. आधारशी काही जुळत नाही. सेंड बॅक करावी म्हणते.