जीएफओ आणि रिअ‍ॅक्टर: रीफ टाकीतल्या केसाळ शेवाळावर कितपत चालतं?

रीफ टाकीत, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, हिरवं केसाळ शेवाळ माजलं की दुकानदार सगळ्यात आधी डबा काढतो तो जीएफओचा, म्हणजे फेरिक ऑक्साइडच्या तांबूस-काळपट दाण्यांचा. माल चांगला आहे, काम करतो. पण शेवाळ मारायचं औषध म्हणून तो गळ्यात मारला जातो, ते साफ चूक. हे दाणे पाण्यात विरघळलेलं फॉस्फेट धरून ठेवतात, बस. दगडावर वाढलेलं शेवाळ त्यानं आपोआप जात नाही. ते हातानं उपटायचं, आणि पुन्हा फोफावू नये म्हणून दाणे लावायचे.

कोकणातल्या बागायतदाराला यातली रसायनाची भानगड नवी नाही. जांभ्याच्या मातीत सुपर फॉस्फेट घातलं तरी झाडाला त्यातलं थोडंच मिळतं, कारण मातीतलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम ते बांधून टाकतं. डब्यातले दाणे नेमकं हेच करतात, फक्त ते मुद्दाम सच्छिद्र बनवलेले असतात. पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक काढायलाही हेच द्रव्य वापरतात. (एवढं वाचून कुणी चिऱ्याचा तुकडा सम्पमध्ये, म्हणजे टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत, टाकू नये. लाल गाळ सुटेल आणि फायदा शून्य.)

डब्यावरची मात्रा वाचा, पण पहिल्याच दिवशी पूर्ण घालू नका. साध्या दाण्यांची नेहमीची मात्रा लिटरमागे साधारण २ मिली, ‘हाय कपॅसिटी’ दाण्यांची १ मिली. लिटर मोजताना दगड आणि वाळूची जागा वजा करा. काचेच्या मापावरून २०० लिटर भरणाऱ्या टाकीत खरं पाणी बहुधा १५० च्या आसपासच असतं. अशा टाकीला हाय कपॅसिटी दाणे सुरुवातीला ४० मिली पुरेत. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं प्लास्टिकचं माप यासाठी उत्तम. आठवड्यानं फॉस्फेट मोजून मगच वाढवा. रोवाफॉससारख्या ब्रँडचा माल ओलसर येतो, तो सुकू द्यायचा नाही; झाकण घट्ट लावून ठेवा.

वापरायच्या आधी धुणं टाळू नका. दाणे रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे दाण्यांतून पाणी फिरवणाऱ्या नळकांड्यात, भरा, बाहेरची नळी बादलीत सोडा आणि आरओचं पाणी चालवा. आधी गंजासारखं लाल पाणी येतं. ते पारदर्शक झालं की मगच नळी सम्पमध्ये न्या. दाणे हातानं चोळायचे नाहीत, चुरा होतो, आणि हाच चुरा पुढे टाकीभर लाल धूळ होऊन कोरलवर बसतो.

रिअ‍ॅक्टर महागडा हवा असं मुळीच नाही. साध्या नळकांड्यात खाली-वर स्पंज, मध्ये दाणे, पाणी खालून वर. नळकांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. प्रवाह ताशी १०० ते १५० लिटर. ४०० लिटरचा छोटा पंप असेल तर त्यापुढे व्हॉल्व्ह बसवून दाबा. वरचा थर तापत आलेल्या दुधाच्या सायीसारखा जेमतेम हलला पाहिजे. उकळी फुटल्यागत दाणे उसळत असतील तर ते एकमेकांवर घासून पीठ होणार. अगदीच हलत नसतील तर पाणी एकाच वाटेनं निघून जातं आणि बाकीचा माल कोरा राहतो. रिअ‍ॅक्टर नसेल तर जाळीच्या पिशवीतही चालतं, पण दर दोन-तीन दिवसांनी पिशवी हलकेच दाबून मोकळी करावी लागते, आणि हे काम कुणी नेमानं करत नाही.

गठ्ठा होणं ही या मालाची सगळ्यात जुनी खोड. दाण्यांवर कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि सगळं मिळून सिमेंटसारखं घट्ट होतं. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, डीकेएचमध्ये मोजतात) ११-१२ वर ठेवणाऱ्यांकडे हे फार लवकर होतं. ८ च्या आसपास बरं चालतं. चुनकळीचं पाणी जिथं सोडता तिथून रिअ‍ॅक्टरचा पंप लांब ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज तासन्‌तास जाते, तेव्हा आत अडकलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो. वीज आली की ते पहिलं पाणी थेट टाकीत जाऊ न देता बादलीत काढा.

आता मोजणी. टाकी हिरवीगार, आणि टेस्ट किट मात्र ०.०० दाखवतं, असं सर्रास होतं. कारण शेवाळच फॉस्फेट खाऊन बसलेलं असतं. म्हणून उपटून काढल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. रंग जुळवायच्या किटपेक्षा हॅना कंपनीचा एचआय७७४ चेकर, म्हणजे फॉस्फेटचा आकडा दाखवणारं छोटं यंत्र, कितीतरी बरा: ०.०० ते ०.९० पीपीएमपर्यंत मोजतो. पण त्याची अचूकता ±०.०२ आणि वाचनाच्या ±५ टक्के आहे, त्यामुळे ०.०३ आणि ०.०५ यांतल्या फरकावरून दाणे वाढवण्यात काही हशील नाही. कुपीवर बोटाचा ठसा किंवा आत बुडबुडा राहिला तरी आकडा चढतो. लक्ष्य ०.०३ ते ०.०८ ठेवा, नायट्रेट २ ते १० पीपीएम. शून्य हे लक्ष्य नाही. फॉस्फेट एकदम तळाला नेलं की कोरल फिके पडतात, आणि रिकाम्या पाण्यात डायनोफ्लॅजेलेट येतात: तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेले धागे. ते आले की जीएफओ ताबडतोब बंद. केसाळ शेवाळ त्यापुढे परवडलं.

दाणे संपले कधी म्हणायचे? रिअ‍ॅक्टरमधून बाहेर येणारं पाणी मोजा. टाकीइतकंच फॉस्फेट आलं की संपले. जुने दगड वर्षानुवर्षं फॉस्फेट शोषून बसलेले असतात आणि पाणी साफ होऊ लागलं की ते सोडू लागतात. म्हणून पहिला भरणा आठवड्यातही संपू शकतो. नंतर चार-सहा आठवडे टिकतो. आकडा उतरून पुन्हा चढला म्हणून माल बनावट ठरत नाही.

उपटायचं काम असं: सायफनची नळी एका हातात, टूथब्रश दुसऱ्यात, घासलेलं शेवाळ लगेच ओढून फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे गाळायच्या कापडी पिशवीत. तुकडे पाण्यात सोडले तर दुसरीकडे रुजतात. सुटा दगड बाहेर काढता आला तर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून एक-दोन मिनिटं ठेवायचं आणि टाकीच्याच पाण्यात खळखळून धुवायचं. आपल्या मेडिकलमध्ये ते बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं. आरओच्या पाण्यात निम्मं करून ३ टक्के करा. कोरलला आणि कोळंबीला लागू देऊ नका. त्यानंतर उरलंसुरलं शेवाळ खायला टर्बो गोगलगायी सोडा. पिसासारखं दिसणारं ब्रायोप्सिस जातीचं शेवाळ असेल तर मात्र जीएफओवर पैसे घालू नका, ते त्याला जुमानत नाही.

पर्यायांबद्दल थोडक्यात. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पांढऱ्या गोळ्या झटपट काम करतात, पण त्यातून सुटणारं अ‍ॅल्युमिनियम लेदर कोरलला (हे मऊ कोरल) सोसत नाही, ते आक्रसून बसतात. इथल्या बहुतेक टाक्या मऊ कोरलच्याच असल्यानं हा मुद्दा मोठा. लँथेनम क्लोराइड स्वस्त आणि जोरदार, पण बारीक सॉकमध्ये थेंबाथेंबानं सोडावं लागतं. नवशिक्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

फॉस्फेट येतं कुठून, हे न बघता दाणे बदलत राहिलात तर डबे पुरणार नाहीत. घरातल्या पिण्याच्या आरओला बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो आणि तो कच्चं पाणी परत मिसळतो. तो बंद करा, मिनरल कार्ट्रिज काढा आणि पुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन लावून टीडीएस ० आणा. किनाऱ्यावरचं समुद्राचं पाणी फुकट असतं खरं, पण जून ते सप्टेंबर खाड्या शेतातलं खत आणि गाळ घेऊन उतरतात, त्या दिवसांत ते पाणी टाकीत नकोच. सुका जवळा खाऊ म्हणून घालणाऱ्यांनी त्याची पूड पाण्यात पडू देऊ नये. ताजी कोळंबी किंवा तिसऱ्या घालायच्या तर बारीक चिरून गाळणीत धुवा. आणि मालवणहून ‘लाइव्ह रॉक’ (समुद्रातला जिवंत जीव असलेला दगड) म्हणून दगड उचलून आणू नका: तिथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, शिवाय दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

पैसे मोजकेच असतील तर आधी चेकर घ्या, मग रिअ‍ॅक्टर, आणि डबा सगळ्यात लहान. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हा माल बहुधा मुंबईहून मागवावा लागतो, म्हणून मोठा डबा घ्यायचा मोह होतो. अर्ध्या मात्रेनं चालणाऱ्या टाकीला लहान डबा बराच काळ पुरतो. वापरलेले दाणे कॉस्टिक सोड्यानं धुऊन पुन्हा चालवता येतात, रसायन म्हणून ते खरं आहे. पण ४० मिली दाण्यांसाठी घरात कॉस्टिक हाताळायचं आणि मग ते शेवटच्या थेंबापर्यंत धुवायचं, हा खटाटोप परवडत नाही. कचऱ्यात टाका आणि नवे भरा.